पट्टकादंबांचं अर्धं वर्ष : सातवीच्या मुलांबरोबर नांदूरमध्यमेश्वर

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नाशिककर नेहमीच जातात. पहाटे निघायचं, मनोऱ्यावरून दुर्बिणीने दोन-तीन तास पक्षी बघायचे, येताना मिसळ खायची आणि दुपारच्या आत घरी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेची सातवीची मुलं तिथे मुक्कामाला गेली, ती मात्र काम घेऊन. मंगोलियातल्या अर्हांगाई प्रांतातल्या एका शाळेने त्यांना प्रश्नांची यादी पाठवली होती. त्यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं नाशिकमध्ये बसून देण्यासारखी नव्हती.

ही ओळख सप्टेंबरात झाली, एका पक्षीअभ्यासक स्नेह्यांमुळे. ते म्हणाले, ‘तुमची मुलं पट्टकादंब फक्त हिवाळ्यात बघतात, तिकडची फक्त उन्हाळ्यात. दोघांची गाठ घालून द्या की.’ पट्टकादंब, किंवा नुसता कादंब, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे येणारा हंसाच्या जातीचा पाणपक्षी. तिकडच्या आणि आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी मध्ये पडून पत्रं सुरू केली. पहिल्या पत्रासोबत चित्रं आली : निळं तळं, काठाला मेंढपाळांचे पांढरे गोल तंबू, घोडे आणि पाण्यात आईबापांमागे रांगेने पोहणारी पिवळसर पिल्लं. आमच्या मुलांनी ती पिल्लं कधीच बघितलेली नव्हती. ती इथे दिसणारच नाहीत, कारण कादंब इथे घरटं करत नाही. आपण त्याला ‘पाहुणा’ म्हणतो आणि मार्च सरला की विसरून जातो. त्या चित्रांनंतर वर्गातल्या मुलांना पहिल्यांदा वाटलं, की या पक्ष्याचं आपल्याला अर्धंच आयुष्य माहीत आहे.

मग वर्गाच्या भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लागला. नोव्हेंबर ते मार्च आम्ही भरायचे, एप्रिल ते सप्टेंबर त्यांनी. ऑक्टोबर कोणाकडेच नव्हता.

पहिला दिवस

बस चांदोरीहून सायखेड्याकडे वळली आणि गोदावरीच्या पुलापाशी थांबवली. थांबायचं आधीच ठरलं होतं. यादीतला एक प्रश्न होता, ‘तुमच्याकडचं पाणी स्वच्छ आहे का? आमच्या तळ्याचं पाणी आम्ही ओंजळीने पितो.’

पुलाखाली पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत पाणवेलींचा हिरवागार थर, त्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, एक नारळ. लांबून बघणाऱ्याला कुरण वाटावं. मुलं कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली. मी त्यांना सांगितलं, की पाणवेल वाढते ती सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर. शेतात खत टाकल्यावर पीक जोर धरतं, तसं नदीत मैला सोडला की ही जोर धरते. वरचा थर उजेड अडवतो, खालच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मग मासे आणि पाण्यातले किडे घटतात. आणि किडे-मासे घटले की पक्ष्यांचं ताट रिकामं.

पंचवटीत राहणारा आमचा एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांचं रामकुंडाजवळ पूजासाहित्याचं दुकान आहे. तो एकदम म्हणाला, ‘बाई, हे आपल्याकडूनच येतं ना?’ हो, आपल्याकडूनच. रामकुंड, तपोवन, मग खाली सायखेडा आणि त्याच्याही खाली नांदूरमध्यमेश्वर. नाशिक या नदीच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे आपण सोडू ते सगळं पक्ष्यांच्या पाण्यात जातं. इतकी वर्षं मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवत आले. पुलावर आकृतीची गरज पडली नाही.

मंगोलियाला काय लिहायचं, यावर बसमध्ये वाद झाला. काहींचं म्हणणं, हे कळवू नये, आपलं वाईट दिसेल. पंचवटीच्या मुलाचं म्हणणं, त्यांनी खरं विचारलंय तर खरंच सांगायचं. त्याचंच म्हणणं टिकलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

चापडगावला पोचेस्तोवर दुपार झाली. वनविभागाच्या फाटकाशी नोंद झाली. गावातलेच दोन तरुण गाईड म्हणून सोबत होते, खांद्यावर स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, घेऊन. त्यांतल्या मोठ्या दादांनी मुलांना आधी बंधाऱ्याची गोष्ट सांगितली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला तो कालव्यांना पाणी द्यायला. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नसणार. पण पाण्याचा वेग मंदावला आणि गाळ साठू लागला. वर्षानुवर्षं साठून त्याची बेटं झाली, उथळ डबकी झाली, पाणकणीस माजलं. जलाशय गाळाने भरणं इंजिनिअरला नकोच असतं, पण बदकांना तेच हवं होतं. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये हे रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं.

रामसरचं नाव निघताच मुलांच्या वह्या उघडल्या, कारण तिकडच्या पत्रातही ते होतं. त्यांचं तेरखीन त्सागान नूर हे तळंही १९९८ पासून रामसर यादीत आहे. खोर्गो ज्वालामुखीच्या लाव्ह्याने नदी अडवली आणि ते तळं झालं. एका टोकाला लाव्ह्याने अडवलेलं पाणी, दुसऱ्या टोकाला दगडी बंधाऱ्याने. मधलं अंतर सरळ रेषेत मोजलं तर जवळपास ४,००० किलोमीटर. दोन्ही ठिकाणी उतरणारा पक्षी एकच. मुलांना हे इतकं आवडलं, की त्यांनी वहीत दोन्ही पाण्यांची चित्रं शेजारी शेजारी काढली.

संध्याकाळी मनोऱ्यावरून वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे, हळदी-कुंकू बदकं, थापटे, तलवार बदकं आणि चक्रवाकांची जोडी एवढं सगळं दिसलं. एक मार्श हॅरिअर, हा शिकारी पक्षी, पाणकणसावरून खालून खालून फिरत गेला, तशी बदकं उठली आणि पुन्हा बसली. कादंब दिसले नाहीत. मुलांचे चेहरे पडले. दादा म्हणाले, ‘ते अंधार पडायला शेतात जातात चरायला. सकाळी परत येतात. उद्या उजाडायच्या आत इथं हजर राहा.’

रात्री पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा वर्तमानपत्रात छापून येतो तो उगाच नाही. पारा फार उतरला तर इथले बागायतदार द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. आम्हीही शेकोटीभोवती बसलो आणि मी मुलांना ओनोनची गोष्ट सांगितली.

ओनोन हा कोकिळेच्या कुळातला पक्षी, मंगोलियात उन्हाळ्यात राहणारा कुक्कू. जून २०१९ मध्ये तिथल्या खुर्ख भागात पाच कुक्कूंच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारी छोटी यंत्रं बसवली. त्यांची नावं ठेवायचं काम दिलं तिथल्या शाळेतल्या मुलांना. ओनोन, बायान, नामजा, नोमॅड आणि कॅप्टन खुर्ख ही त्यांनी ठेवलेली नावं. बाकी चौघांच्या खबरा वाटेत कुठे ना कुठे थांबल्या. ओनोन मात्र आफ्रिकेत झांबियापर्यंत गेला, तिथे हिवाळा काढला आणि अरबी समुद्र ओलांडून, भारतावरून उडत मे २०२० च्या अखेरीस मंगोलियात परतला. १६ देश, २६,००० किलोमीटर. आपण टाळेबंदीत घरात बसलो होतो, तेव्हा जगभरचे लोक रोज नकाशा उघडून त्याचा ठिपका कुठवर आला ते बघत होते.

‘म्हणजे त्यांनी नाव ठेवलेला पक्षी आपल्या डोक्यावरून गेला?’ एका मुलीने विचारलं. देशावरून तर गेलाच. त्यानंतर किती तरी वेळ मुलं आपण कोणत्या पक्ष्याला काय नाव ठेवू, यावर बोलत होती.

दुसरा दिवस

साडेपाचला सगळे उठले. स्वेटर, कानटोप्या, वर शाली. मनोऱ्याच्या लाकडी पायऱ्या दवाने ओल्या होत्या. पाण्यावर धुकं होतं आणि त्यातून वारकऱ्यांचे तुटक आवाज तेवढे येत होते. पूर्वेला जरा तांबूस झालं आणि दादांनी हात वर केला.

आधी आवाज आला. आंग्-आंग् असा, नाकातून काढल्यासारखा. मग शेतांच्या बाजूने एक तिरकी रेघ दिसू लागली, तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. डोक्यावर येईपर्यंत त्यांच्या पंखांची सळसळ कानावर पडायला लागली. बेटाजवळ आल्यावर मोठ्या थव्यातले काही पक्षी हवेतच एका अंगावर कलले, क्षणभर उलटे झाल्यासारखे, आणि झर्रकन उंची टाकून पाण्यात उतरले. पंखांतली हवा सोडून देऊन पटकन खाली यायची ही हंसांची रीत आहे. मुलं ओरडली नाहीत. आदल्या दिवशी मी तीन वेळा बजावलं होतं, पण मला वाटतं, बजावलं नसतं तरी कोणी ओरडलं नसतं.

मोजणी चौघाचौघांच्या गटाने केली. प्रत्येक गटाने वेगळा मोजायचा आणि आकडे शेवटी ताडून बघायचे. हलणारा थवा मोजणं सोपं नसतं. दादांनी युक्ती दिली, आधी दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या आणि मग दहा-दहाच्या घासाने पुढे सरका. गटांचे आकडे जुळले नाहीत, तेव्हा पुन्हा मोजणी झाली.

यानंतर खरं काम. मंगोलियाच्या मुलांचा सगळ्यात लाडका प्रश्न होता : ‘आमची पिल्लं पोचली का?’

पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे आडवे पट्टे असतात, वरचा लांब, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, आणि खालचा आखूड. पण हे झालं मोठ्यांचं. त्याच वर्षी जन्मलेल्या पक्ष्याच्या डोक्यावर ते पट्टे नसतात. कपाळ आणि मान करडी, सगळंच धुरकट. पहिल्या हिवाळ्यात हळूहळू पट्टे उमटत जातात. म्हणजे डिसेंबरात नीट बघितलं तर यंदाचं पिल्लू ओळखता येतं. हंसांची पिल्लं पहिला प्रवास आईबापांबरोबरच करतात आणि हिवाळाभर कुटुंब बहुधा एकत्र राहतं, त्यामुळे जोडीच्या आसपास शोधायचं.

स्कोपला रांग लागली. बराच वेळ कोणाला काही सापडेना. मग आमच्या वर्गातली सुरगाण्याची मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, तिने स्कोपवरून डोळा न काढता हाताने मला बोलावलं. बेटाच्या कडेला चिखलात दोन मोठे कादंब उभे होते, पिवळ्या चोचीचं काळं टोक छातीच्या पिसांत खुपसून पिसं साफ करत होते. त्यांच्यामध्ये तिसरा. अंगाने जवळपास त्यांच्याएवढाच, पण डोकं मळकट, पट्ट्यांच्या जागी नुसता काळपट डाग. तो मोठ्यांचं बघून पिसं साफ करायला लागे, मधेच थांबे, मान उंच करून इकडेतिकडे बघे. जुलैत हा तळ्यावर आईमागे पोहत असेल. उडायला लागून त्याला जेमतेम चार-पाच महिने झाले होते, आणि एवढ्यात तो हिमालय ओलांडून आला होता.

एक सापडल्यावर डोळ्यांना सवय झाली आणि मग आणखी सापडत गेले. त्या मुलीने प्रत्येकासाठी वहीत एक उभी रेघ मारली.

एका मुलाने याच वेळी विचारलं, ‘बाई, पण हे मंगोलियातूनच आले कशावरून?’

याहून चांगला प्रश्न त्या तीन दिवसांत कोणी विचारला नाही. पट्टकादंब मंगोलियात घरटी करतात, तशी तिबेटच्या पठारावर करतात, चीनमधल्या चिंघाय सरोवरावर करतात, किरगिझस्तानात करतात आणि आपल्या लडाखमध्येही करतात. नुसतं बघून सांगता येत नाही. सांगता येतं ते खुणेवरून. जुलैच्या सुमारास मोठ्या कादंबांची उडायची पिसं एकदमच गळतात, नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही. मंगोलियात शास्त्रज्ञ तेव्हाच त्यांना पाण्यातून हाकत जाळ्याकडे नेतात, पायात कडी घालतात आणि काहींच्या गळ्यात मोठ्या अक्षरांचा रंगीत पट्टा. असे पट्टेवाले कादंब कर्नाटकात दिसल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या पुढाकाराने १९५९ नंतर मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घातली. कडं सापडलं की त्यावरचा क्रमांक कळवायचा, एवढ्या साध्या गोष्टीवर जगातलं कितीतरी ज्ञान उभं राहिलं आहे.

मग मुलांनी एकेका कादंबाची मान तपासली. ऊन चढेपर्यंत. पट्टा एकाच्याही गळ्यात नव्हता.

निराशा झाली, नाही कशाला म्हणू. पण वहीत त्या मुलाने लिहिलं, ‘पट्टा दिसला नाही. हे तुमचेच आहेत असं आम्ही म्हणू शकत नाही. तुमचे असू शकतात.’ मी त्याच्या वाक्याला हात लावला नाही.

न्याहारीच्या वेळी एव्हरेस्ट निघालाच. कादंब एव्हरेस्टवरून उडतात, असं मुलांनी कुठेतरी वाचलेलं. मी त्यांना यंत्रं बसवलेल्या कादंबांचं काय निघालं ते सांगितलं. नोंदलेली सगळ्यात मोठी उंची ७,२९० मीटर. पण बहुतेक वेळ ते त्याहून बरेच खाली, डोंगराच्या उतारालगत उडतात. दरी आली की खाली उतरतात, चढ आला की पुन्हा चढतात. उंचावर विरळ हवेत पंख मारायला जास्त ताकद लागते, म्हणून उगाच उंच राहणं परवडत नाही. रात्री आणि पहाटे उडतात, कारण गार हवा दाट असते. वाऱ्याची मदत न घेता, स्वतःच्या पंखांच्या बळावर सात-आठ तासांत हिमालय चढतात. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट पकडतं, श्वास खोल असतो. माझ्या मते हे शिखरावरून उडण्याच्या दंतकथेपेक्षा मोठं आहे, आणि मुलांनाही ते पटलं. ‘म्हणजे ते घाट बघून जातात,’ एक जण म्हणाला. कसारा घाटाखालच्या आजोळी दर सुट्टीत जाणारा मुलगा आहे तो.

दुपारी शेतावर गेलो. ‘ते काय खातात? शेतकरी त्यांना हाकलतात का?’ हा प्रश्न पत्रात होता.

ज्या काकांच्या रानात गेलो, त्यांचा गहू वीतभर झाला होता, शेजारी हरभरा. बांधावर चकाकत्या पट्ट्या ताणून बांधलेल्या, त्या वाऱ्यावर फडफडत होत्या. काका स्पष्ट बोलले. ‘खातात तर. कोवळा हरभरा, गव्हाची पात. रात्रीचा घोळका उतरला की सकाळी वाफे बसलेले दिसतात. आम्ही डबे वाजवतो, पट्ट्या बांधतो. मारत नाही. पण नुकसान होतं, ते बी तुमच्या पत्रात लिवा.’ मग वाकून त्यांनी मातीतलं एक रोप दाखवलं. पात जमिनीपासून दोन बोटं सोडून स्वच्छ कातरलेली, आतून नवा हिरवा कोंब वर येत होता. शेजारी कादंबाची हिरवट लेंडी. ‘कधी कधी परत फुटतं,’ काका म्हणाले. मुलांनी लेंडीचं चित्रसुद्धा काढून घेतलं.

पक्षीप्रेमाच्या कार्यक्रमांत शेतकऱ्याचा हा आवाज बहुधा कोणी घेत नाही. अभयारण्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाच्या ताटातून पक्षी खातो, आणि टाळ्या आपण शहरात वाजवतो. मुलांना हे सातवीतच कळलेलं बरं.

काकांच्या पलीकडच्या वावरात उन्हाळ कांद्याची लागण चालली होती. बायका ओळीने बसून रोपं टोचत होत्या, एकमेकींशी बोलत. सुरगाण्याची मुलगी थबकली, मग सरळ बांध ओलांडून त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या बोलीत बोलायला लागली. तिच्याच तालुक्यातल्या बायका होत्या. परत आल्यावर तिने वर्गाला सांगितलं, ते असं : तिचे आईबाबा दिवाळी झाली की इकडे निफाड-पिंपळगावकडे येतात, द्राक्षाच्या बागेत कामाला, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, पुढे काढणी. मधे काम नसलं की कांदा लावायला. गावाकडे पावसाळ्यातल्या पिकांशिवाय दुसरं काही नाही, पाऊस संपला की काम संपतं. होळीच्या आसपास ते परत जातात. ती नाशिकला मावशीकडे राहते, शाळा बुडू नये म्हणून.

वर्गात ती जूनपासून माझ्यासमोर बसत होती. हे सगळं तिच्या तोंडून मी त्या बांधावर पहिल्यांदा ऐकलं.

तिसरा दिवस

सकाळी साडेआठला व्हिडिओ कॉल ठरला होता. मंगोलियात तेव्हा अकरा वाजलेले असतात. मोबाइलची रेंज मिळतेय अशी एकच जागा होती, पारावर. भिंतीला टेकवून लॅपटॉप, समोर सगळी मुलं दाटीवाटीने. गावातली मंडळीही मागे जमली.

चित्र आलं तसा दोन्हीकडे गलका झाला. त्यांच्या खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी होती आणि बाहेर उणे चोवीस. आमची मुलं नुसत्या स्वेटरवर उन्हात बसलेली बघून त्यांना हसू आवरेना. आमच्यातल्या एकाने ऊस सोलून दाखवला. त्यांनी वाळवलेल्या दह्याचे पांढरे तुकडे दाखवले, दगडासारखे कडक, तोंडात धरून चघळायचे.

मग उत्तरं. आमच्या मुलांनी वहीतलं वाचायचं, इंग्रजीच्या सरांनी सांगायचं, तिकडच्या बाईंनी त्यांच्या भाषेत. पिल्लं पोचली का, याचं उत्तर द्यायला सगळ्यांनी सुरगाण्याच्या मुलीला पुढे केलं. तिने वहीतल्या उभ्या रेघा कॅमेऱ्यासमोर धरल्या. पलीकडून टाळ्या.

पाण्याचं उत्तर पंचवटीच्या मुलाने दिलं. पाणवेलींचा फोटो दाखवला, हे आमच्या शहरातून येतं म्हणून सांगितलं. तिकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलाने विचारलं, ‘मग तुम्ही काय करणार?’ हा प्रश्न यादीत नव्हता. मुलांनी एकमेकांकडे बघितलं, आणि पंचवटीचा मुलगा म्हणाला, आमच्या दुकानासमोर निर्माल्यासाठी पिंप ठेवायला बाबांना सांगणार. त्याने नदी सुधारत नाही, मैलापाण्याचं काम फार मोठं आहे आणि ते महापालिकेच्या पातळीवरचं आहे, हे मी त्याला नंतर सांगितलं. ‘माहितीये,’ तो म्हणाला, ‘पण पिंप तर ठेवणार.’

आमच्या मुलांचेही प्रश्न होते. कादंब तळं कधी सोडतात? उत्तर दिलं एका मुलीने, गाल थंडीने लाल झालेली. तिचे आईवडील मेंढपाळ. उन्हाळ्यात ती त्यांच्याबरोबर तळ्याकाठच्या कुरणावर असते, तेव्हा पिल्लं रोज दिसतात. एक सप्टेंबरला शाळा सुरू होते, ती गावातल्या वसतिगृहात येते, आईवडील जनावरं घेऊन हिवाळी तळावर जातात. त्याच सुमारास कादंबही निघायला लागतात. शेवटचे थवे जाताना ती कधी बघत नाही, कारण तेव्हा ती शाळेत असते.

इंग्रजीच्या सरांनी हे मराठीत सांगितलं आणि सुरगाण्याची मुलगी माझ्याकडे न बघता सरांना म्हणाली, ‘सर, तिला विचारा, तिला आईची आठवण येते का?’

सरांनी विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. ‘सुरुवातीला,’ तिकडची म्हणाली, ‘मग मैत्रिणी होतात.’ आणि उलट विचारलं, ‘तुझी?’ त्यावर या दोघी काही मिनिटं बोलल्या, मध्ये दोन शिक्षक आणि तीन भाषा, आणि बाकी कोणी मध्ये पडलं नाही. काय बोलल्या ते त्यांचं त्यांच्यापाशी.

कॉल संपल्यावर परतीच्या आधी मोठ्या पत्राची कच्ची प्रत पारावरच बसून लिहिली. मोजणीचे आकडे, पिल्लांचा आकडा, काकांचं म्हणणं, लेंडीचं चित्र, पाणवेल, पट्टा न दिसल्याची नोंद. पक्ष्यांची यादी दादांनी मुलांबरोबर बसून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरली. बसमध्ये अर्धी मुलं झोपली.

शाळेत आल्यावर तक्त्यातला डिसेंबर भरला. मार्चच्या सुरुवातीला पाचवी-सहावीची मुलं जाऊन शेवटच्या थव्यांची तारीख नोंदवणार आहेत, तिकडची मुलं एप्रिलमध्ये पहिल्या आलेल्यांची. ‘हे मंगोलियातूनच आले कशावरून’ विचारणाऱ्या मुलाने तक्त्यावर आणखी एक रकाना आखलाय, लडाखचा. तिथल्या त्सो मोरीरीवर कादंब घरटी करतात, आणि तेही रामसर स्थळ आहे. मग आपल्याच देशातल्या मुलांना आपण पत्र का लिहिलं नाही, असं त्याचं म्हणणं. लडाखच्या शाळांना हिवाळ्याची सुट्टी फेब्रुवारी अखेरपर्यंत असते. मजकूर तयार झाला आहे, शाळा उघडल्या की टाकू. तिकडच्या कोणा शिक्षकांशी ओळख असलेल्यांनी कळवावं, मुलं वाट बघताहेत.